स्नूकर-पूलच्या काठीची टिप कशी निवडायची? साडेनऊ मिलिमीटर चामड्याचा हिशोब

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचं लेखी रूप. बोलताना आलेले अडखळे काढलेत, बाकी जवळपास बोललो तसंच ठेवलंय. डावीकडचे आकडे ऑडिओतली वेळ दाखवतात.)

००:०० – एका मेसेजपासून सुरुवात

मागे मलकापूरच्याच एका पोराचा व्हॉट्सअॅपवर मेसेज आला. दिवसभर दुकानावर काम, संध्याकाळी दोन फ्रेम स्नूकर, असा त्याचा नेम. त्याने लिहिलं होतं, "दादा, व्हाइट मागे येतच नाही. कितीही खाली मारलं तरी जागेवर थांबतो, नाहीतर मिसक्यू होतो. आता नवीन स्टिक घेतो. नऊ हजाराची बघून ठेवली आहे. घेऊ ना?"

नऊ हजार म्हणजे त्याचा जवळपास एका महिन्याचा पगार. मी म्हटलं, "घे, पण त्याआधी टिपेचा एक फोटो पाठव. समोरून नको, बाजूने."

फोटो आला आणि उत्तर तिथेच मिळालं. टिपेचा माथा सपाट झालेला, त्यावर काचेसारखी चकाकी, आणि कडा पितळी टोपीच्या बाहेर छत्रीसारख्या पसरलेल्या. गंमत बघा. त्याने नऊ हजाराची काठी घेतली असती तर खेळ सुधारलाही असता, कारण नवीन काठीला नवीन टिप असते. श्रेय मात्र सगळं काठीला गेलं असतं.

मी स्वतः हीच चूक केली आहे. कॉलेजच्या सुट्टीत घरी आलो होतो, क्लबातल्या काठीला शिव्या घालत होतो. तिथले मार्कर काका (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: टेबलाची देखभाल करणारा, स्कोअर मांडणारा आणि टिपा बदलून देणारा तो मार्कर) थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "टिप गोटी झाली न तुही, अन् काठीले काऊन बोलतं?" मग दहा मिनिटं त्यांनी त्या टिपेवर काम केलं. काठी तीच, हात तेच, पण व्हाइट मागे आला.

म्हणून आजचा पूर्ण भाग त्या चामड्याच्या बटणावर. टिपेची साईज कशी ठरवायची, आकार कसा द्यायचा, मऊ घ्यायची की कडक, साधी की थरांची, आणि दोन टिपांची तुलना स्वतःला न फसवता कशी करायची.

०३:२० – हे चामडं आलं कुठून

आधी थोडा इतिहास, म्हणजे टिपेचं खरं काम काय ते कळेल.

बिलियर्ड्स जुना खेळ आहे, पण काठीच्या टोकाला चामडं लावायची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. त्याआधी उघडं लाकूडच चेंडूवर आदळायचं. चेंडूच्या मध्यावर मारलं तर ठीक, जरा बाजूला मारलं की लाकूड घसरलंच. चामड्याच्या टिपेचं श्रेय दिलं जातं फ्रान्सच्या मँगो नावाच्या एका सैनिकी अधिकाऱ्याला. राजकीय कारणाने तुरुंगात असताना त्याने हा प्रयोग केला असं सांगतात. चामडं लावल्यावर चेंडूच्या खाली, वर, बाजूला मारता येऊ लागलं, आणि व्हाइट मागे आणणं, बाजूला वळवणं हे सगळं शक्य झालं.

दुसरा शोध चॉकचा. आज आपण जो निळा-हिरवा चौकोनी ठोकळा वापरतो, तो फळ्याचा खडू नाही. १८९७ मध्ये अमेरिकेत विल्यम स्पिंक्स हा बिलियर्ड्सपटू आणि विल्यम हॉस्किन्स हा रसायनतज्ज्ञ या दोघांनी त्याचं पेटंट घेतलं. त्यात सिलिका आणि घासणारे कण असतात. काम एकच: टिप आणि चेंडू यांच्यातलं घर्षण वाढवणं.

आणि स्नूकर तर आपल्या रेल्वे लाइनच्या पलीकडचाच. मलकापूरहून भुसावळला जा, तिथून इटारसीमार्गे जबलपूर. त्या जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये १८७५ साली नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण ब्रिटिश अधिकाऱ्याने या खेळाची सुरुवात केली, आणि पुढे उटीच्या क्लबात त्याचे नियम लिहून लावले गेले. आपल्या पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कोलकात्यात बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले. पंकज अडवाणीचा जन्मही पुण्याचाच. तेव्हा हा खेळ परका आहे असं समजायचं कारण नाही.

०६:०० – एक हजारांश सेकंद

आता टिप नेमकं काय करते?

टिप चेंडूला चिकटलेली असते तो वेळ साधारण एक ते दोन मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. तुमच्या फोनचा स्लो-मोशन २४० फ्रेम्सचा असेल तर त्याची एक फ्रेम सुमारे चार मिलिसेकंदांची. म्हणजे स्पर्श झाला आणि संपला, हे सगळं दोन फ्रेम्सच्या मधेच उरकतं. तुमचा फोन ते पकडूच शकत नाही.

"मी टिपेने चेंडू धरून ठेवतो आणि फिरवतो" असं काही जण सांगतात. तसं होत नाही. मध्यम वेगाच्या शॉटमध्ये त्या वेळात व्हाइट जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर पुढे सरकतो आणि सुटतो. हाताला जे जाणवतं, ते तो गेल्यानंतर.

मग स्पिन किती मिळणार हे कशावर ठरतं? मुख्यतः दोन गोष्टींवर: चेंडूच्या मध्यापासून किती लांब मारलं, आणि किती वेगाने मारलं. टिपेचं काम त्या क्षणी न घसरण्याचं. घसरली की मिसक्यू.

किती लांब मारता येतं यालाही मर्यादा आहे. चॉक नीट लावलेली चांगली टिप असेल तर चेंडूच्या त्रिज्येच्या साधारण निम्म्यापर्यंत. स्नूकरचा चेंडू ५२.५ मिलिमीटरचा, म्हणजे त्रिज्या २६ च्या आसपास, आणि निम्मी म्हणजे १३ मिलिमीटर. पूलचा चेंडू ५७ मिलिमीटरच्या थोडा वर, तिथे ही मर्यादा १४ च्या आसपास. त्यापलीकडे जगातली सगळ्यात महाग टिपही घसरणार. आणि टिप चकाकत असेल, चॉक धरत नसेल, तर हीच मर्यादा १३ वरून खूप आत येते. त्या पोराचं हेच होत होतं. तो खाली मारत होता ते बरोबर होतं, टिपच तिथे टिकत नव्हती.

तेव्हा टिपेकडून दोनच अपेक्षा ठेवा: चॉक धरावा, आणि आकार टिकवावा. बाकी सगळी चर्चा या दोन गोष्टींच्या नंतरची.

०९:१० – साईज

स्नूकरच्या काठीला साधारण ९ ते १० मिलिमीटरची टिप असते, साडेनऊ सगळ्यात जास्त दिसते. अमेरिकन पद्धतीच्या पूलच्या काठीला १२ ते १३ मिलिमीटरची. याला कारण आहे. स्नूकरचा चेंडू लहान आणि हलका, टेबल बारा फुटी, पॉकेटचे ओठ गोल, त्यामुळे व्हाइटवर नेमकी जागा दिसणं महत्त्वाचं. लहान टिपेने ती जागा स्पष्ट दिसते. पूलचा चेंडू मोठा आणि जड, तिथे रुंद टिप थोडी चूक पोटात घालते.

पण साईज तुम्ही निवडत नाही, तुमची काठी निवडते. काठीच्या टोकाला आजोबांच्या काठीला असते तशी शेंबी असते, तिला फेरूल म्हणतात. स्नूकरच्या काठीला पितळेची, पूलच्या काठीला बहुधा प्लास्टिकसारख्या पदार्थाची. तिचा व्यास मोजा. शाळेच्या पट्टीने नको, कुणाकडे व्हर्नियर असेल तर त्याने. टिप त्याच मापाची किंवा अर्धा मिलिमीटर मोठी घ्या, म्हणजे बसवल्यावर कडा छाटून शेंबीला बरोबर करता येते. लहान टिप घेऊ नका. शेंबीची कड उघडी राहिली तर ती चेंडूला लागेल आणि पितळ चेंडूला खरवडेल.

आणखी एक. स्वस्त काठ्यांना कधीकधी स्क्रूची टिप असते, आटे फिरवून बसवायची. खेळताना ती ढिली होते आणि खडखडते. शिकायला चालेल, पण टिपेवर पैसे घालायचे असतील तर चिकटवायची टिप बसेल अशी काठी हवी.

११:४० – घुमट: ज्याकडे कुणी बघत नाही

माझ्या मते आजच्या भागातला सगळ्यात कामाचा मुद्दा हाच. टिपेचा माथा सपाट नसतो, घुमटासारखा गोल असतो. तो किती गोल असावा?

अमेरिकेत यासाठी त्यांच्या नाण्यांचं माप वापरतात. टिपेच्या माथ्याचा बाक त्या नाण्याच्या कडेशी जुळला पाहिजे. आपल्याकडे त्यासाठी एक रुपयाचं नाणं आहे. नवं नाणं २० मिलिमीटर व्यासाचं, त्याआधीचं २२ च्या आसपास. टिपेला बाजूने नाणं लावून बघा, बाक जुळतो का.

हे माप का, तर त्यामागे सोपी भूमिती आहे. बीटेकमध्ये शिकलेलं फार काही रोज वापरात येत नाही, हे मात्र आलं. चेंडूच्या निम्म्या त्रिज्येवर मारतो तेव्हा स्पर्शाचा बिंदू मध्यापासून ३० अंशांवर असतो. तेवढेच ३० अंश टिपेच्या घुमटावरही. ३० अंशांचं साइन म्हणजे अर्धं. म्हणून टिपेवरची स्पर्शाची जागा टिपेच्या मध्यापासून घुमटाच्या निम्म्या त्रिज्येवर येते. ती जागा टिपेच्या आत हवी असेल, तर घुमटाची त्रिज्या टिपेच्या व्यासापेक्षा मोठी नको. बस, एवढाच नियम.

साडेनऊच्या स्नूकर टिपेसाठी घुमटाची त्रिज्या साडेनऊ किंवा कमी. एक रुपयाच्या नव्या नाण्याची त्रिज्या दहा. म्हणजे स्नूकरला नाण्याइतका किंवा त्याहून किंचित जास्त गोल आकार द्यायचा. पूलच्या तेरा मिलिमीटरच्या टिपेला नाण्याइतका बाक पुरेसा आहे.

आता त्या पोराची सपाट टिप आठवा. समजा घुमटाची त्रिज्या १५ झालेली आहे. मग जास्तीत जास्त स्पिनच्या शॉटला स्पर्शाची जागा मध्यापासून साडेसात मिलिमीटरवर यायला हवी, पण टिप संपते पावणेपाचवर! म्हणजे चेंडूला टिपेचा माथा लागतच नाही, नुसती कड लागते. कडेवर ना चॉक, ना आधार. मिसक्यू होणारच. यात ब्रँडचा काही संबंध नाही. लाखाची टिप सपाट झाली तरी हेच होईल.

मग खूप टोकदार करावी का? नाही. त्यातला बिघाड वेगळा. टोकदार टिपेवर चॉक थोड्या जागेत राहतो, टोक लवकर दबतं, आणि चामडंही लवकर घासून संपतं. दर दोन दिवसांनी आकार बदलणारी टिप ठेवण्यापेक्षा थोडी कमी गोल पण तशीच राहणारी बरी.

१५:३० – मऊ की कडक

आता सगळ्यात जास्त वाद असतो तो मुद्दा. "मऊ टिपेने जास्त स्पिन मिळतो." अर्धं खरं आहे.

मऊ टिप चेंडूला किंचित जास्त वेळ लागून राहते, हे खरं. पण त्याच जागी, त्याच वेगाने, न घसरता मारलं तर मऊ आणि कडक टिपेच्या स्पिनमध्ये फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो चॉक धरण्यात. मऊ चामड्याचा पृष्ठभाग सैल असतो, चॉक त्यात बसून राहतो. तीन शॉटनंतर एकदा चॉक लावणाऱ्याला (आपल्यातले बरेच जण) मऊ टिप वाचवते. प्रत्येक शॉटआधी नीट चॉक लावणाऱ्याला कडक टिपेनेही तेवढाच स्पिन मिळतो.

कडक टिपेचा फायदा असा की ती दबते कमी, म्हणून काठीची ऊर्जा थोडी जास्त चेंडूत जाते, आणि आकार जास्त दिवस टिकतो. तोटा असा की माथा लवकर गुळगुळीत होतो आणि त्याला वारंवार खरखरीत करावं लागतं. मऊ टिपेचं उलटं. चॉक छान, आवाज मंद, पण जोरात खेळणाऱ्याच्या हातात ती पसरते, कडा छत्रीसारख्या बाहेर येतात. इंग्रजीत याला 'मशरूम होणं' म्हणतात. आपल्याकडे पावसाळ्यात उकिरड्यावर उगवणारी छत्री डोळ्यांसमोर आणा, तोच आकार.

आणखी एक गैरसमज. साइड लावून मारलं की व्हाइट थोडा उलट्या बाजूला सरकून निघतो. त्याचा दोष पुष्कळ जण टिपेला देतात. तो मुख्यतः काठीच्या शेवटच्या वीतभर भागाच्या वजनामुळे येतो. टिप बदलून तो जाणार नाही.

मग काय घ्यावं? माझा सरळ सल्ला: शिकत असाल आणि स्नूकर खेळत असाल तर मऊ ते मध्यम. पूल खेळत असाल आणि ब्रेकही त्याच काठीने मारत असाल तर मध्यम. मऊ टिपेने रोज जोरदार ब्रेक मारलात तर ती लवकरच पसरेल.

१८:५० – एका तुकड्याची की थरांची

दुकानात किंवा ऑनलाइन दोन जाती दिसतील.

पहिली, एका तुकड्याची. चामड्याच्या एका जाड तुकड्यातून दाबून काढलेली. यात सगळ्यात ओळखीचं नाव एल्क मास्टर, निळ्या रंगाची, मऊ. तिचीच थोडी कडक बहीण ब्लू डायमंड. दोन्ही शिकागोच्या ट्वीटन कंपनीच्या. आपल्याकडच्या क्लबात मार्करच्या डबीत बहुधा याच किंवा यांच्यासारख्या दिसणाऱ्या टिपा असतात. चांगली गोष्ट म्हणजे स्वस्त. वाईट गोष्ट अशी की कातडं निसर्गाचं आहे, एकाच पेटीतल्या दोन टिपा सारख्या निघत नाहीत. एक दगड, एक स्पंज.

म्हणून जुने खेळाडू पेटीतून निवडून घेतात. तुम्हीही मार्करला सांगून चार-पाच टिपा समोर घ्या. अंगठ्याच्या नखाने दाबून बघा. काचेवर किंवा फरशीवर वीतभर उंचीवरून टाकून आवाज ऐका: कडक टिपेचा टक्क असा आवाज येतो, सैल टिपेचा भद्द. कड बघा, तंतू सुटलेले नकोत. सगळ्या टिपांत मधल्या आवाजाची घ्या. अमेरिकेत तर काही हौशी लोक एल्क मास्टर दुधात भिजवून शिकंज्यात दाबून कडक करतात. आपल्याकडे दूध चहाला ठेवा.

दुसरी जात थरांची. पातळ चामड्याचे आठ-दहा थर एकावर एक चिकटवून केलेली. जपानची कामुई हे यातलं मोठं नाव. हिचा फायदा एकसारखेपणा. आज घेतलेली मध्यम आणि वर्षाने घेतलेली मध्यम जवळपास सारखी वागते. पसरतेही कमी. किंमत मात्र मोठी. एका कामुईच्या पैशात एल्क मास्टरच्या बऱ्याच टिपा येतात.

थरांची टिप घेण्याआधी तीन गोष्टी. एक, कामुईसह यातल्या बऱ्याच टिपा डुकराच्या कातड्याच्या असतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी आधी विचारून घ्यावं. गाई-म्हशीच्या चामड्याच्या टिपाही मिळतात. दोन, नकली माल फिरतो. असली टिपेच्या कडेला थर सरळ आणि स्पष्ट दिसतात. किंमत संशय येण्याइतकी कमी असेल तर संशय घ्या. तीन, स्वस्त गोंदाचे थर सुटतात. खेळताना टिपेचा अर्धा माथा उडाला तर ती थरांचीच समजा.

२३:१० – बसवणं: टिप इथेच वाया जाते

चांगली टिप वाईट बसवली तर वाईट टिपच. मार्करकडून करून घ्या किंवा स्वतः करा, पण काय व्हायला हवं ते माहीत असू द्या.

जुनी टिप नव्या ब्लेडने काढायची, ब्लेड शेंबीला समांतर आणि हातापासून लांब. मग शेंबीवरचा जुना गोंद पूर्ण काढायचा. नव्या टिपेची खालची बाजू सपाट फरशीवर काचकागद ठेवून (हार्डवेअरवाल्याकडे पॉलिश पेपर म्हणून मिळतो) घासायची. टिप कागदावर फिरवायची, कागद टिपेवर नाही, म्हणजे तळ सपाट राहतो. झटपट चिकटणारा गोंद एकच थेंब. जास्त गोंद चामड्यात मुरतो आणि टिपेचा खालचा भाग दगड होतो. मध्यावर ठेवून दाबून धरायचं, आणि घाई न करता सुकू द्यायचं. शक्य असेल तर रात्रभर.

मग काठी उलटी धरून, टिप लाकडाच्या फळीवर टेकवून, बाहेर आलेली कड ब्लेडने वरून खाली छाटायची. नंतर काचकागदाने घुमट. कडा किंचित ओल्या करून जाड कापडाने जोरात घासल्या की कड घट्ट आणि चकचकीत होते. कड चकचकीत हवी, माथा खरखरीत. बरेच जण नेमकं उलटं करतात.

तयार झाल्यावर टिपेची उंची साधारण चार मिलिमीटर असावी. घासत घासत कड दीड-दोन मिलिमीटरवर आली की बदला. त्याखाली चामडं उशीचं काम करत नाही, शेंबीलाच धक्के बसतात.

आणि कृपा करून स्पर्धेच्या आदल्या रात्री टिप बदलू नका. मी बदलली आहे. नवीन टिप पहिले काही तास दबत असते, व्हाइट रोज जिथे थांबतो तिथे थांबत नाही. पहिल्याच फेरीत घरी आलो. निदान आठवडा आधी बदला.

२६:४० – आपलं ऊन, आपला पाऊस

चामडं हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. पावसाळ्यात टिप मऊ पडते आणि पसरते. एप्रिल-मेच्या आपल्या वऱ्हाडी उन्हात कोरडी पडते, माथा लवकर चकाकतो, गोंदही ठिसूळ होतो. म्हणून पावसाळ्यात कडा तपासा आणि छाटा, उन्हाळ्यात माथा तपासा आणि काचकागदाचा एक-दोनदा हात फिरवा. काठी गाडीत किंवा पत्र्याच्या खोलीत उन्हात ठेवू नका. टिप नवी येईल, वाकलेलं लाकूड सरळ होणार नाही.

चॉक लावताना ठोकळा टिपेवर ड्रिलसारखा गरगर फिरवू नका. ब्रश मारल्यासारखा हलका फिरवा, आणि मग बघा सगळा माथा झाकला का. शॉटनंतर टिपेवर दोन-तीन मिलिमीटरचा ठिपका दिसतो, तिथे चेंडू लागला. तो ठिपका उघडा पडला असेल तर पुढच्या शॉटआधी झाकायचा.

२९:०० – तुलना करायची तर अशी

"मला ही टिप भारी वाटते." वाटण्याला अर्थ नाही असं मी म्हणत नाही, हाताला भरवसा वाटणं महत्त्वाचंच. पण हजार रुपये घालायचे तर थोडं मोजूया.

ऑफिसात आम्ही कोड बदलतो तेव्हा एका वेळी एकच गोष्ट बदलतो. दोन बदलल्या आणि काही बिघडलं, तर कशामुळे ते कळत नाही. टिपेचंही तेच. टिप, चॉक आणि काठी एकाच दिवशी बदलू नका.

चाचणी अशी. एक रंगीत चेंडू मधल्या पॉकेटसमोर सरळ रेषेत ठेवा. व्हाइट त्याच्यापासून फूटभर मागे. खाली मारून चेंडू पॉट करा आणि व्हाइट किती मागे आला ते बघा. टेबलावर खुणा करू नका, मार्कर ओरडेल. कठड्याच्या बाजूने चॉकचे ठोकळे ठेवून अंतर बघता येतं. असे वीस शॉट, प्रत्येक शॉटआधी चॉक. फोनमध्ये तीन गोष्टी लिहा: किती मागे आला, पॉट झाला का, मिसक्यू झाला का. टिप बदलल्यावर आठवडाभर खेळा, मग हेच वीस शॉट पुन्हा.

बघायचं काय, तर सगळ्यात लांब आलेला शॉट नाही. वीसच्या वीस शॉट एकमेकांच्या किती जवळ आहेत ते. एकदा चार फूट आणि एकदा अर्धा फूट व्हाइट आणणाऱ्या टिपेपेक्षा दरवेळी दोन फूट आणणारी टिप जास्त फ्रेम जिंकून देते.

मी ही चाचणी केली तेव्हा माझं मत बदललं. मला महागडी कडक टिप भारी वाटायची, आवाज छान येतो म्हणून. यादीत मात्र निवडून घेतलेली साधी मध्यम टिप जास्त एकसारखी निघाली. तुमचं उलटंही निघेल. मुद्दा तोच, तुमच्या हातावर मोजा.

३२:३० – शेवटी

लक्षात ठेवायचा क्रम: आधी माप, मग घुमट, मग बसवणं, मग मऊ-कडक, आणि सगळ्यात शेवटी ब्रँड. आपल्यातले बहुतेक जण उलट्या टोकाकडून सुरुवात करतात, कारण ब्रँड फोनवर दिसतो आणि घुमट बघायला काठी डोळ्यांसमोर धरावी लागते.

त्या पोराचं काय झालं? त्याने मार्करसमोर बसून पाच टिपांतून एक निवडली, एक रुपयाचं नाणं लावून घुमट करून घेतला. आठवड्याने मेसेज आला: "दादा, व्हाइट आता मागे येतो. कधीकधी इतका मागे येतो की पॉकेटमध्ये जातो." म्हटलं, आता तो प्रश्न टिपेचा नाही, तुझा आहे. नऊ हजार खात्यातच आहेत. म्हणतो, वर्षभर खेळून मग बघू.

आज संध्याकाळी खेळायला गेलात तर पहिला शॉट मारण्याआधी काठी आडवी धरा आणि खिशातलं एक रुपयाचं नाणं टिपेला लावून बघा. बाक जुळला नाही तर फोटो पाठवा, पुढच्या भागात बोलू. तोवर ऐकत राहा, आणि चॉक लावत राहा.